शंभर-सव्वाशेच्या वर्गात प्रत्येकाचे उत्तर कसे मिळवायचे: क्लिकर, कार्डे आणि मोबाइल मतदान

"समजलं का?" या प्रश्नाला एफवायच्या वर्गातून "हो सर" असे उत्तर येते आणि त्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. पुढच्या दोन बाकांवरची मुले मनापासून हो म्हणतात, मधले बाक त्यांना साथ देतात, मागचे वहीत मान घालतात. हात वर करायला सांगितले तरी आधी वर्गातल्या हुशार मुलीचा हात पाहिला जातो, मग बाकीचे हात वर जातात. खरी स्थिती पेपर तपासताना समोर येते. तोवर तो धडा शिकवून दोन महिने झालेले असतात.

विद्यार्थी प्रतिसाद यंत्रणा म्हणजे क्लिकर, सांकेतिक कार्डे किंवा मोबाइलवरचे मतदान. तिच्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला एकाच वेळी, शेजाऱ्याचे न पाहता उत्तर द्यावे लागते आणि मिनिटाभरात शिक्षकासमोर स्तंभालेख येतो. किती जणांना कळले, किती जणांना नाही, आणि ज्यांना कळले नाही त्यांचा नेमका गैरसमज काय, हे तास चालू असतानाच दिसते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उदाहरणे त्या विषयातली जास्त येतील. पद्धत मात्र वाणिज्य, कला, विधी अशा कोणत्याही शाखेत चालते.

एक गोष्ट आधीच सांगतो. यंत्र फक्त मते मोजते. शिकणे घडते ते चांगल्या प्रश्नामुळे आणि आलेख हाती आल्यानंतरच्या पाच मिनिटांमुळे. म्हणून या लेखात साधनांपेक्षा प्रश्नाला आणि त्या पाच मिनिटांना जास्त जागा दिली आहे.

साधन कोणते घ्यावे

वर्गात किती मुले आहेत, वायफाय कसे आहे आणि महाविद्यालयात मोबाइलला परवानगी आहे का, यावर साधन ठरते.

सर्वांत स्वस्त उपाय इलेक्ट्रॉनिक नाहीच. रंगीत कार्डशीटचे चार तुकडे करायचे, त्यांवर अ, ब, क, ड लिहायचे आणि "एक, दोन, तीन" म्हणताच सगळ्यांनी आपले कार्ड छातीशी धरून दाखवायचे. कॅनडातले भौतिकशास्त्राचे शिक्षक नॅथॅनिएल लॅसरी यांनी २००८ मध्ये क्लिकर वापरणारा वर्ग आणि कार्डे वापरणारा वर्ग यांची तुलना प्रसिद्ध केली. शिकवण्याची पद्धत तीच ठेवली तर मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. निधी मंजूर होण्याची वाट पाहत बसलेल्या प्रत्येक विभागाने हे ध्यानात घ्यावे. कार्डांची उणीव एवढीच, की नोंद राहत नाही आणि मोठ्या वर्गात अंदाज चुकतो.

त्यावरचा पुढचा टप्पा म्हणजे प्लिकर्स. यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक कागदी कार्ड मिळते. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्याय बारीक अक्षरात छापलेले असतात. जे उत्तर द्यायचे ती बाजू वर धरायची. शिक्षकाने आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरे रोल नंबरसह नोंदली जातात. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून नक्कल करता येत नाही. मुलांकडे मोबाइल लागत नाही, इंटरनेट फक्त शिक्षकाला लागते. कार्डे छापताना जाड, पण चकचकीत नसलेला कागद घ्यावा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे तेज पडले की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. कार्ड धरताना बोटे आकृतीवर येऊ नयेत, हे पहिल्याच दिवशी करून दाखवावे.

अडचण संख्येची आहे. प्लिकर्सच्या मोठ्या संचात ६३ कार्डे असतात आणि आपल्याकडे एका तुकडीत १२० मुले असतात. यावर सोपा मार्ग आहे: दोघांत एक कार्ड. आधी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहायचे, मग जोडीदाराशी बोलून एकमत करायचे आणि एकच कार्ड वर धरायचे. वैयक्तिक मत वहीतच राहते, हा तोटा आहे. पण दोघांना एकमत करावे लागते, म्हणून बोलावे लागते, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

खरे क्लिकर, म्हणजे छोट्या रिमोटसारखी यंत्रे, रेडिओ लहरींवर चालतात आणि संगणकाला लावलेला रिसीव्हर ती उत्तरे गोळा करतो. वायफाय लागत नाही, मोबाइलचे आकर्षण नाही, नोंद चोख राहते. अमेरिकेत अनेक ठिकाणी विद्यार्थीच ते विकत घेतात. आपल्याकडे हा भार मुलांवर टाकू नये, महाविद्यालयाने संच घ्यावा. मग प्रश्न वाटपाचा उरतो. शंभर क्लिकर नावे पुकारून वाटायचे तर तासातली दहा मिनिटे जातात. वर्गाच्या दाराशी क्रमांक घातलेले कप्प्यांचे कापड टांगावे. मुलांनी आत येताना आपल्या क्रमांकाचा क्लिकर घ्यावा, जाताना परत ठेवावा. रिकामा कप्पा लगेच दिसतो. सेलचे जादा पाकीट टेबलाच्या खणात असू द्यावे.

मोबाइलवर चालणारे मेंटीमीटर, स्लायडो, सॉक्रेटिव्ह यांसारखे पर्याय दिसायला छान आणि वापरायला सोपे आहेत. मात्र मोफत योजनेत किती जण भाग घेऊ शकतात, किती प्रश्न विचारता येतात, यावर बंधने असतात आणि ती वेळोवेळी बदलतात. सत्र सुरू होण्याआधी ती तपासून घ्या. कहूत या खेळासारख्या साधनात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. उजळणीसाठी ते ठीक आहे, पण विचार करायला लावणाऱ्या प्रश्नासाठी मी ते वापरणार नाही. तिथे घाईला बक्षीस देऊन चालत नाही.

गुगल फॉर्मवरही काम भागते. प्रश्न फॉर्ममध्ये टाकूच नका. तो फळ्यावर किंवा पडद्यावर ठेवा. फॉर्ममध्ये फक्त रोल नंबर आणि अ, ब, क, ड असू द्या. असे दोन फॉर्म करा, एक पहिल्या फेरीसाठी आणि एक दुसऱ्या फेरीसाठी. त्यांचे क्यूआर कोड छापून भिंतीवर किंवा बाकांवर कायमचे चिकटवा. दोन्ही फॉर्मना शीट जोडून ठेवा. एक प्रश्न संपला की फॉर्ममधली उत्तरे पुसा. शीटमधली नोंद तशीच राहते आणि पुढच्या प्रश्नाला आलेख कोऱ्या पाटीने सुरू होतो. हे फॉर्म वर्षभर पुरतात.

वायफायबद्दल एकच सूचना: शंभर मोबाइल एकदम एका साध्या राउटरला जोडले तर तो दम टाकतो. पहिल्या तासाला मुलांना स्वतःचा डेटा वापरून पाहायला सांगा आणि ज्यांच्याकडे मोबाइल किंवा डेटा नाही, त्यांच्यासाठी कागदी कार्डांचा गठ्ठा जवळ ठेवा. कोणाकडे फोन नाही हे वर्गासमोर विचारायचे नाही. कार्डे सगळ्यांसाठी खुली ठेवावीत, ज्याला हवे तो घेईल.

प्रश्न घडवणे

इथे वेळ घालवा. एका तासाला दोन प्रश्न पुरतात, पण ते दोन चांगले हवेत.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ च्या सुमारास आपली शिकवण्याची पद्धत बदलली. कारण असे, की विद्युत परिपथांच्या किर्चहॉफच्या नियमांवरची आकडेमोडीची अवघड गणिते सोडवणारी त्यांची मुले त्याच धड्यावरच्या साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नात अडखळत होती. तो प्रश्न साधारण असा. तीन सारखे बल्ब एका बॅटरीला एकसर जोडणीत जोडले आहेत. तिसऱ्या बल्बला समांतर एक स्विच आहे. स्विच चालू केला तर पहिल्या दोन बल्बांचा प्रकाश वाढतो, कमी होतो, की तेवढाच राहतो?

वर्गासाठी याचे पर्याय असे करता येतील: अ) वाढतो, ब) कमी होतो, क) आहे तेवढाच राहतो, ड) दोन्ही बल्ब विझतात. बरोबर उत्तर अ. तिसऱ्या बल्बला वळसा घालणारी वाट मिळते, तो विझतो, परिपथाचा रोध तीनऐवजी दोन बल्बांचा उरतो, धारा वाढते. आता चुकीचे पर्याय पाहा. क निवडणाऱ्याच्या मनात बॅटरी नेहमी तेवढीच धारा देते असा समज आहे. ड निवडणाऱ्याने शॉर्टसर्किट हा शब्द ऐकलेला आहे, पण कुठल्या भागाचे शॉर्टसर्किट झाले याचा विचार केलेला नाही. म्हणजे कोणत्या पर्यायाला किती मते पडली यावरून पुढे काय शिकवायचे ते ठरते. चुकीचा प्रत्येक पर्याय असा एका खऱ्या गैरसमजातून आलेला असावा. कोणीच निवडणार नाही असा पर्याय फक्त संख्या भरण्यासाठी टाकू नये. तीनच चांगले सुचत असतील तर तीनच ठेवा.

हे पर्याय शोधायला सर्वांत चांगली जागा म्हणजे गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका आणि प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षा. तिथे मुले काय चुकीचे लिहितात आणि बोलतात ते एका वहीत टिपत जा. दोन सत्रांत इतके साहित्य जमते की प्रश्न आपोआप सुचतात.

इतर विषयांतली काही उदाहरणे देतो. वनस्पतिशास्त्रात: वडाच्या झाडाचे कोरडे लाकूड प्रामुख्याने कशापासून बनते, माती, पाणी की हवा? पुष्कळ जण माती म्हणतात. खरे तर त्यातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. रसायनशास्त्रात: उकळत्या पाण्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय असते? हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे म्हणणारे बीएस्सीलाही सापडतात. असते ती पाण्याची वाफ. हिशेबशास्त्रात: मार्चमध्ये उधारीवर माल विकला, पैसे एप्रिलमध्ये आले, व्यापारी पद्धतीने (पैसे केव्हाही येवोत, व्यवहार झाला तेव्हाच नोंद) ही विक्री कोणत्या आर्थिक वर्षाची?

अर्थशास्त्राचा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण मुलांनी तो घरी जगलेला असतो. अवकाळी पावसाने कांद्याचे पीक गेले, भाव चढले, लोकांनी कांदा कमी घेतला. मागणी वक्राचे काय झाले? तो डावीकडे सरकला, की आपण त्याच वक्रावर एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे गेलो? पुरवठा वक्र सरकला आहे, मागणी वक्र जागच्या जागी आहे. "मागणी कमी झाली" आणि "मागितलेले प्रमाण कमी झाले" यांतला फरक पुस्तकात पाठ केलेला असतो. तो कळला आहे का, हे या प्रश्नात दिसते.

साहित्य, इतिहास, विधी या विषयांत एकच बरोबर उत्तर नसलेला प्रश्न विचारायला घाबरू नका. कवितेतला सूर नेमका कोणत्या ओळीपाशी बदलतो, या प्रश्नावर मते चार ठिकाणी विभागली जातात आणि मग प्रत्येकाला आपल्या ओळीची बाजू मांडावी लागते. तिथे मतदान चर्चेची सुरुवात करून देते, एवढेच त्याचे काम.

व्याख्या विचारणारे, सन विचारणारे, सूत्र आठवायला लावणारे प्रश्न टाळा. त्यांवर बोलण्यासारखे काही नसते. ज्याला आठवते त्याला आठवते.

एका प्रश्नाची फेरी

एका प्रश्नाला आठ ते दहा मिनिटे धरा. क्रम असा.

प्रश्न पडद्यावर आणा आणि गप्प राहा. तो मोठ्याने वाचून समजावू नका, सूचक बोलू नका. एक मिनिट पूर्ण शांतता. मुलांना स्वतःचे उत्तर ठरवू द्या आणि शक्य असेल तर एका ओळीत कारण वहीत लिहायला सांगा. मग पहिले मतदान. वेळ संपण्याआधी "शेवटचे दहा सेकंद" असे सांगून बंद करा. सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत थांबू नका, नाहीतर तास रेंगाळतो.

आता आलेख आला. तो तुम्ही पाहा, वर्गाला दाखवू नका. प्रोजेक्टर क्षणभर बंद करा किंवा पडदा गोठवा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील जीवशास्त्राच्या वर्गांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की चर्चेआधी आलेख दाखवला तर मुले सर्वाधिक मते मिळालेल्या पर्यायाकडे जास्त प्रमाणात वळतात, मग तो पर्याय बरोबर असो वा नसो.

बरोबर उत्तरे ३० ते ७० टक्क्यांच्या आसपास असतील तर तुमचा प्रश्न सर्वांत फलदायी ठरणार आहे. वर्गाला म्हणा, "तुमच्यापेक्षा वेगळे उत्तर दिलेला कोणीतरी शोधा आणि त्याला आपले म्हणणे पटवा." दोन ते चार मिनिटे द्या. वर्गात गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातले सहकारी येऊन विचारतील, म्हणून त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. तुम्ही बाकांमधून फिरा आणि ऐका. दुरुस्त करू नका. मुले एकमेकांना कोणत्या शब्दांत समजावतात ते कानावर पडले की तुमचे पुढचे स्पष्टीकरण सुधारते. नुकतेच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते ताजे आठवत असते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी होते.

मग दुसरे मतदान, आणि आता दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवा. बरोबर पर्यायाचा स्तंभ वाढलेला पाहून वर्गाला जो आनंद होतो तो खरा असतो. त्यानंतर, उत्तर जाहीर करण्याआधी, वेगवेगळ्या पर्यायांच्या दोघा-तिघांना कारण विचारा. "क कोणी निवडले?" असे विचारून कोणाला उभे करू नका. "क निवडणाऱ्याच्या मनात काय असेल?" असे विचारा. म्हणजे चुकीचे उत्तर दिलेल्यालाही मोकळेपणाने बोलता येते.

बरोबर उत्तरे ७० टक्क्यांच्या वर असतील तर चर्चा नको. दोन वाक्यांत कारण सांगा आणि पुढे चला. ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेचा उपयोग नाही, कारण पटवणारेच कमी आहेत. तिथे थांबा, कल्पना वेगळ्या प्रकारे पुन्हा मांडा, शक्य असेल तर बल्ब आणि बॅटरी टेबलावर आणून जोडून दाखवा आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारा.

शंकेखोर सहकारी म्हणतात, की चर्चेनंतर उत्तरे सुधारतात ती हुशार मुलाची नक्कल करून. या शंकेला उत्तर आहे. मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आनुवंशिकीच्या वर्गावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा, वेगळ्या रूपातला प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. त्यातही उत्तरे सुधारली, आणि ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते असे दिसत होते तिथेही सुधारली. तुमच्या वर्गातही महिन्यातून एकदा असा जोडप्रश्न ठेवा. बल्बच्या प्रश्नाला जोड म्हणून स्विच दुसऱ्या बल्बला समांतर लावा आणि तिसऱ्याचे काय होते ते विचारा.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रचंड वर्गात "आधी एकट्याने, मग जोडीने, मग सर्वांसमोर" या पद्धतीचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुले त्या कामात गुंतलेली आढळली. संख्या मोठी आहे म्हणून हे जमणार नाही, असे म्हणायला त्यानंतर फारशी जागा उरत नाही.

भाषा

महाराष्ट्रातल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत शिकवणे इंग्रजीतून आणि विचार मराठीतून असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने चुकीचे उत्तर दिले ते कल्पना न कळल्यामुळे की वाक्य न कळल्यामुळे, हे आलेखावरून समजत नाही. म्हणून प्रश्न दोन्ही भाषांत पडद्यावर ठेवा. मराठी वाक्यात "सिरीज" आणि "एकसर जोडणी" दोन्ही शब्द येऊ द्या, कारण परीक्षेत पहिला भेटणार आहे. चर्चा मात्र त्यांना हव्या त्या भाषेत करू द्या. गटांत मराठी, हिंदी, अहिराणी, कोकणी जे चालेल ते चालू द्या. इंग्रजीत बोलण्याच्या धास्तीने गप्प बसणारी मुले या चार मिनिटांत किती नेमके बोलतात, ते ऐकण्यासारखे असते.

गुण, हजेरी आणि प्रॉक्सी

बरोबर उत्तराला गुण देऊ नका. अमेरिकेतल्या दोन खगोलशास्त्राच्या वर्गांची तुलना मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. जिथे चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तरापेक्षा कमी गुण मिळत होते तिथे जोडीतला जाणकार विद्यार्थी सगळे बोलत होता आणि दुसरा त्याचे उत्तर उचलत होता. जिथे चुकीच्या उत्तरालाही पूर्ण गुण होते तिथे दोघे बोलत होते. अंतर्गत मूल्यमापनात काही द्यायचेच असेल तर सहभागाला द्या, तेही थोडे, आणि ८० टक्के प्रश्नांना उत्तर दिले की पूर्ण असे ठेवा. म्हणजे एखाद्या दिवशी फोन बंद पडला तरी नुकसान होत नाही.

प्रतिसादाला हजेरी जोडली की एकाच्या हातात तीन क्लिकर दिसू लागतात किंवा क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर जाऊन वसतिगृहातून उत्तरे येतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: हजेरी वेगळी घ्या. ज्या क्षणी मुलांना हे यंत्र आपल्यावर नजर ठेवण्यासाठी आहे असे वाटते, त्या क्षणी प्रामाणिक उत्तरे थांबतात. आणि प्रामाणिक चुकीच्या उत्तरासाठीच तर हा खटाटोप आहे.

मुलांची माहिती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, याचेही भान हवे. नाव, फोन नंबर, ईमेल मागू नका, रोल नंबर पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते, त्यामुळे अकरावी-बारावीच्या वर्गांत तर कागदी कार्डेच बरी.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात विषयाशी संबंध नसलेला प्रश्न विचारून साधनाचा सराव करून घ्या: वडापावसोबत काय हवे, सुकी चटणी की तळलेली मिरची. याच तासात हे का करत आहोत ते पाच मिनिटे सांगा. बारावीपर्यंत वर्गात चुकीचे उत्तर म्हणजे अपमान असे शिकून आलेल्या मुलांना चुकीची मोकळीक आहे हे स्पष्ट शब्दांत ऐकायला हवे. पुढचे दोन आठवडे आठवड्यातून एका तासाला एकच प्रश्न. जमले की दोन.

अभ्यासक्रम पूर्ण होईल का, ही काळजी खरी आहे. प्रत्येक तासातली पंधरा-वीस मिनिटे जाणार आहेत. ती वसूल होतात ती पुस्तकात जसेच्या तसे असलेले फळ्यावर उतरवणे थांबवल्याने. व्याख्या, साधी सिद्धता, प्रकारांची यादी हे मुलांनी घरून वाचून यायचे. त्याची पाने आदल्या दिवशी ग्रुपवर कळवा आणि तासाचा पहिला प्रश्न त्या पानांवर बेतलेला ठेवा.

प्रत्येक प्रश्नानंतर शीटमध्ये एक ओळ लिहायची सवय लावा: तारीख, तुकडी, पहिल्या फेरीत प्रत्येक पर्यायाला किती टक्के, दुसऱ्या फेरीत किती, आणि फिरताना ऐकलेले एखादे वाक्य. ९० टक्के बरोबर आलेला प्रश्न पुढच्या वर्षी अवघड करा. दोन्ही फेऱ्यांत कोणीच न निवडलेला पर्याय काढून टाका आणि त्या जागी मुलांच्या तोंडून ऐकलेला गैरसमज घाला. विभागातले सगळे शिक्षक हीच शीट वापरत असतील तर एका सत्राअखेर एका विषयाचे चाळीस-पन्नास पारखलेले प्रश्न हाती येतात आणि नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला पहिल्या दिवसापासून ते वापरता येतात.